पाला नाही, एक्स्ट्रॅक्ट

आमच्या फार्मसी कॉलेजातल्या सरांसमोर दगडी पाल्याला पाला म्हणायची सोय नाही. "पाला शेळ्या खातात. एक्स्ट्रॅक्ट म्हणा," असं ते मान तिरकी करून सांगतात. मी पोशीर गावचा, घरातला पहिला बीएस्सी. लहानपणी खरचटलं की आई हाच पाला चुरगळून लावायची. पण इथे मी लॅब असिस्टंट, म्हणून एक्स्ट्रॅक्ट म्हणतो.

भाजलेल्या जखमेवर या पाल्याचं हिरवं जेल चालतं का, हे सर उंदरांवर तपासतात. अर्ध्या उंदरांना जेल, अर्ध्यांना तुलनेसाठी मेडिकलमधली पांढरी ट्यूब. निकाल अजून यायचाय, पण पाहुणा आला की सर "पांढरीचे दिवस भरले" म्हणून मोकळे होतात.

गेल्या महिन्यात हॉटप्लेटवर त्यांचं बोट पोळलं. हिरवं जेल हाताशीच होतं. "अरे, पांढरी दे, पांढरी," ते माझ्यावर खेकसले. कोंडाणे गावाहून पाला आणणारी ताई तेव्हा गोणी घेऊन दारातच उभी होती.

काल ताई आली ती मनगट पोळून. घरून निघताना हातावर गरम पेज सांडली होती. सरांचे डोळे चमकले. "ताई, आमचं जेल लावा. रोज फोटो काढू."

"तुमचं बोट पोळलं तवा तुमी पांढरीच लावली ना, सर? मला पन तीच द्या."

मी तिचा हात नळाखाली धरला, मग पांढरी दिली. जाताना तिनं गोणी पायानं सरांकडे सरकवली. "आनि हा तुमचा पाला."

सरांनी मान तिरकी केली, पण एक्स्ट्रॅक्ट काही म्हणाले नाहीत.