काळ्या बैलाचा पिवळा शर्ट

मंडळी, आज पोळा, अन् माहं डोकं नुसतं तापलेलं हाय.

बेला गावच्या तरुण मंडळानं पोळ्यासाठी माह्याकडं टी-शर्ट छापायला दिले होते. चित्र गणपतमामाच्या काळ्याभोर चांद्या बैलाचं. छपाईत प्रत्येक रंगाची वेगळी फ्रेम करावी लागते. कापड काळंच ठरलं होतं, म्हणून काळ्याची फ्रेम मी केलीच नाही. लाल झूल, निळे गोंडे, कपाळावरचा पांढरा चांद छापायचा. मधलं काळं कापड तोच बैल.

काल कापड आलं ते पिवळं! खर्च करणाऱ्या पुढाऱ्याला तोच रंग पायजे होता.

मी अध्यक्षाला म्हटलं, "भाऊ, बैल दिसणारच नाही. काळ्याची फ्रेम करू द्या, सकाळी देतो."

"काऊन येळ घालवून राह्यले? खाली साहेबाचं नाव ठळक आलं म्हंजे झालं."

छापले मी.

आज साऱ्या पोरांनी ते घालून फोटो काढले. कोणी काही इचारलं नाही. गणपतमामानं मात्र शर्ट उलगडून त्या रिकाम्या झुलीवर हात फिरवला.

"झूल हाय, गोंडे हायेत. माहा चांद्या कुठी हाय, बापू?"

तुमी काय सांगितलं असतं? मी नुसतं खालच्या नावाकडं बोट दाखवलं.