सरांच्या होडीची मोरी

बायकोपासून मी काही लपवत नाही, असं मी चारचौघांत सांगतो. तीही सांगते. त्यात एक खोट आहे. हे जे लिहितोय ते तिला ठाऊक नाही, आईला नव्हतं, आणि दुकानात रोज समोर बसणाऱ्या धाकट्या भावालाही नाही. नऊ वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय का? असेलही.

मी नांदेडला ठिबकचं सामान विकतो आणि शेतात बसवून देतो. मूळचा नायगाव तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरातला. लहानपणापासून मला एक खोड — वस्तू उघडून बघायची. घड्याळ, रेडिओ, विहिरीवरची मोटार. आत काय चाललंय हे कळल्याशिवाय मला घास जात नाही. त्या खोडीपायीच मी होडीपाशी पोहोचलो.

होडी सरांची. सर म्हणजे लातूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या मेव्हण्याच्या शेतात मी ठिबक बसवलं, तिथली ओळख. टँकरची वाट बघण्यात ज्याचे निम्मे उन्हाळे गेले, त्या माणसाला शिडाची होडी सुचावी, आहे की नाही नवल? लोक हसायचे, सरही हसायचे. पण दोन वर्षं खपून त्यांनी फायबरची होडी बांधली. लातुरात ती सोडणार कुठे? म्हणून नांदेडच्या वरच्या अंगाला गोदावरी अडवलीय, तिथल्या साठ्यात आणून सोडली. दर शनिवारी यायचे. एरवी होडी सांभाळायचे सटवाजीमामा.

मामा मासेमारी करणारे, पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. बापजाद्यांपासून पाण्यावरच. शीड त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं, पण वारा कुठून वळणार हे त्यांना सरांच्या आधी कळायचं. सरांनी सुकाणू त्यांच्याच हाती दिलं होतं. ते धरून बसले की मामांचा चेहरा नवरदेवासारखा दिसायचा. वस्तीतली माणसं काठावर येऊन बघत उभी राहायची. त्या माणसांत मामांचं जे नाव होतं ना — मी जे घालवलं ते तेच.

पण आधी मोरीचं सांगतो.

पहिल्यांदा होडीत पाय ठेवला तर मागच्या कोपऱ्यात, पायाखालच्या तळाला, एक भोक. मी चक्रावलो. होडीला भोक, आणि तेही मुद्दाम पाडलेलं? सरांनी हसत समजावलं — आपण उभे राहतो तो तळ बाहेरच्या पाण्यापेक्षा उंच असतो. लाटेचं, पावसाचं पाणी आत पडलं की त्या भोकातून नळीत आणि नळीतून मागच्या बाजूने नदीत, आपोआप. उपसायला नको. सर त्याला ड्रेन म्हणायचे, मामा मोरी. मला ती मोरी इतकी आवडली की मी तांब्या तांब्या पाणी ओतून ते कुठून कसं पडतं हे कितीदा तरी बघितलं. वेडच म्हणा.

त्या उन्हाळ्यात मोरी तुंबली. निर्माल्यातली फुलं, गाळ, कडुनिंबाची पानं. होडी काठावर ओढून ठेवली होती. सर लेकीकडे जाणार होते, महिनाभर येणार नव्हते. काम माझ्यावर सोपवताना फोनवर एवढंच म्हणाले, "बालाजी, तार आणि कढत पाणी. दुसरं काही घालू नका."

तारेने गाळ निघाला. पण आत पांढरा थर बसलेला, पाणी थेंब थेंब जात होतं. आता आमच्याकडच्या पाण्यात क्षार किती, हे ठिबकवाल्याला कुणी शिकवायला नको. नळ्या चोंदल्या की आम्ही अॅसिड सोडतो, एक दिवस मुरू देतो, मग नळी धुऊन काढतो. दर हंगामाला शेकडो शेतांत हेच करतो. होडीची नळी काय वेगळी? मी बाहेरच्या तोंडाला चिंध्यांचा बोळा मारला आणि वरून अॅसिड ओतलं. भसाभस फेस आला. नळी हाताला गरम लागली. फेस बघून मी खूश — मळ सुटतोय.

दुसऱ्या दिवशी बोळा काढला तर पाणी धो धो गेलं. मामासुद्धा म्हणाले, "झ्याक झालं."

आमच्या ठिबकच्या नळ्या असतात प्लास्टिकच्या. तळाखाली जिथे नळी वळते, तिथे सरांनी अॅल्युमिनियमचा एल्बो बसवलेला होता. फेस मळाचा नव्हता. अॅसिड एल्बो खात होतं, आणि त्याला भोक पडलं की नदीचंच पाणी तळाखालच्या पोकळीत शिरणार होतं. हे तेव्हा मला माहीत नव्हतं — इथपर्यंत माझी चूक म्हणजे नुसता अडाणीपणा. त्यासाठी मी हे लिहायला बसलो नसतो.

होडी पाण्यात गेली. दहाएक दिवसांनी मामा दुकानात आले. तळाखालच्या पोकळीचं झाकण ते रोज सकाळ-संध्याकाळ उघडून बघायचे. म्हणाले, "मोरीपाशी वाटीभर पाणी येऊन राहिलंय. सरांना फोन लावतोस का?"

त्या क्षणी मला फेस आठवला, नळीची ऊब आठवली. मला कळलं होतं. तरी मी म्हणालो, "लाटेचं मुरलं असंल मामा. सर आल्यावर बघू." का म्हणालो? मी स्वतःलाच घड्याळासारखं उघडून बघतो. आत काय सापडतं? सरांनी नको म्हटलेलं मी केलं, हे सरांना कळू नये. बस, एवढंच. यापेक्षा मोठं काही सापडलं असतं तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी होडीचा मागचा भाग पाण्याखाली होता, डोलकाठी आडवी झालेली. फोन गेल्यावर सर लेकीकडून तसेच निघाले, दुपारी पोहोचले. चिखलात उभे राहून त्यांनी मामांना विचारलं, "सटवाजी, तुम्ही झाकण उघडून बघत होता ना?"

"बघत व्हतो, सर. काल सांजेला वाटीभरच व्हतं. म्या बालाजीला सांगितलंतं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मामांनीही पाहिलं, अगदी निर्धास्त. आता हा सांगेल, असं.

"न्हाई सर," मी म्हणालो. "मला काही बोलले न्हाईत."

हेच ते. इतकी वर्षं हेच वाक्य घशात घेऊन फिरतोय. आवाजसुद्धा कापला नाही माझा.

मामा भांडले नाहीत. भांडले असते तर कदाचित माझं बिंग फुटलं असतं. त्यांनी माझ्याकडे कुतूहलाने बघितलं — हो, कुतूहलानेच, रागाने नाही. आणि मान खाली घातली. सर चिडणारे नव्हते, पण खोटं बोलणारा माणूस त्यांना खपायचा नाही. "उद्यापासून येऊ नका," म्हणाले. मामांनी झाकणाची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. काठावर वस्तीतली माणसं होती. त्यांनी सगळं ऐकलं. पुढे त्याच माणसांनी मामांना 'बुडव्या' हे नाव दिलं, आणि होडीवर जन्म काढलेला तो माणूस दोन महिन्यांत पाणी सोडून धर्माबादला, मिरचीच्या आडतीवर पोती उचलायला गेला.

होडी बाहेर ओढून घेतल्यावर एल्बो मी एकटा असताना काढला. पापडासारखा झाला होता. तो नदीत फेकला, प्लास्टिकचा बसवला, आणि सरांना सांगितलं, जुना सांधा सुटला होता. सरांनी पाठ थोपटली. मग सुकाणूवर कोण? मीच. वारा ओळखायला शिकलो. खरं सांगू? मला ते फार आवडायचं. सर वारेपर्यंत दर शनिवारी मी मामांच्या जागेवर बसत होतो, आणि बसताना प्रत्येक वेळी लाज वाटायची असंही नाही.

गेल्या वर्षी नायगावच्या बस स्टँडवर मामा भेटले. वाकलेले, दाढी पांढरी. मला वाटलं, तोंड फिरवतील. उलट तेच जवळ आले. "बालाजी, बरं झालं भेटलास. एक इचारायचं व्हतं." आजूबाजूला बघून त्यांनी आवाज खाली आणला. "मला वाटतं मी तुझ्या दुकानात आलतो. पाण्याचं सांगितलंतं. घरचे म्हणतात, तुला भास झाला असंल. मीबी लई आठवून बघितलं. आता मलाच खात्री न्हाई. तू खरं सांग — आलतो का रे मी?"

सर हयात नव्हते. होडी विकली गेली होती. खरं बोलून माझं काही म्हणजे काही जाणार नव्हतं.

मी म्हणालो, "न्हाई मामा. तुम्ही आला नव्हता."

ते म्हणाले, "मंग माझंच चुकलं," आणि धर्माबादच्या गाडीत जाऊन बसले.