न दिसणारा टाका

रफूगाराला स्तुती सोसायची नाही. "काम छान झालंय" असं गिऱ्हाइकाने म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा, कारण मुळात ते काम त्याला दिसलंच कसं? फाटलेली जागा शोधूनही सापडू नये, हे एकच माप त्याला ठाऊक होतं. पस्तीस वर्षं त्याने सगळ्यांना त्याच मापाने मोजलं आणि पोटच्या मुलीलाही सोडलं नाही. ती सोळा वर्षांची असताना "तुझा टाका रस्त्यापलीकडून दिसतो" असं म्हणून तिला दुकानातल्या स्टुलावरून उठवलं. ती गेली ती टीव्हीवाल्यांकडे, कलाकारांचे कपडे सांभाळायला.

आता तिने पहिल्यांदाच एकटीच्या जबाबदारीवर कपडे सांभाळलेली मालिका तयार झाली होती. खुनाची, सहाच भागांची. रविवारी दुपारी ती लॅपटॉप आणि एक पिशवी घेऊन दुकानात आली.

"बाबा, सगळी बघा. आणि खरं सांगा."

खरं सांगण्यात त्याचा हात कोण धरणार? खून झालेल्या डॉक्टरची बायको न रडता नवऱ्याचे बूट पुसत बसते, ते बघून त्याला भरून आलं. संशय एकावरून दुसऱ्यावर कसा सरकतो, तेही त्याने मान डोलावत पाहिलं. पण तिसऱ्या भागात तो चिडला. "खिशात फोन असून हा माणूस निरोप सांगायला शहरभर धावतोय कशाला? वेळ काढताय नुसता."

शेवटच्या भागात खुनी सापडला तो कोटामुळे. झटापटीत फाटलेली बाही त्याने रफू करून घेतली होती. तपास करणारी बाई म्हणाली, "ही बाही पहिल्या दिवसापासून आपल्या डोळ्यांसमोर होती."

रफूगार ताठ बसला. "थांब. पहिला भाग लाव परत."

कोट आला. त्याने पडद्याला नाक लावलं. तीनदा मागे नेऊन पाहिलं.

"कुठाय? काहीच दिसत नाही. ही बघणाऱ्याची शुद्ध फसवणूक झाली. कोणी केलंय हे रफू?"

"तुम्हीच, बाबा. चार महिन्यांपूर्वी मी आणलेला करडा कोट."

त्याने पडद्याला लावलेलं नाक मागे घेतलं.

"जरा दिसू द्या, असं तुम्हाला सांगायची छाती झाली नाही," ती म्हणाली. "आधी ज्यांना दाखवली तेही फसवणूकच म्हणाले. उद्या सकाळी तेवढा एक शॉट परत घेणार आहेत. तोही फसला तर मला पुढचं काम मिळत नाही."

तिने पिशवीतून कोट काढला. स्वतःचं काम शोधायला त्याला बाही उलटी करावी लागली. ते उसवून तो वाईट रफू करायला बसला. पण हात ऐकेना. धागा मुद्दाम जाड घेतला, तरी तो कापडात विरघळून जायचा. तीनदा घातलं, तीनदा उसवलं. शेवटी तो स्टुलावरून उठला.

"बस. तू घाल."

"माझा दिसेल, बाबा."

"म्हणून तर."

ती बसली. लहानपणीसारखीच जिभेचं टोक दातांत धरून ती टाके घालू लागली. किंचित तिरके, पण घट्ट. त्याने बाही ओढून पाहिली. सुटणारे नव्हते. तेव्हाही सुटत नसावेत. त्याने कधी ओढून पाहिलंच नव्हतं, आणि याची त्याला मनापासून लाज वाटली.

"तेव्हा मी चुकलो," तो म्हणाला.

"हलवू नका, सुई टोचेल," ती म्हणाली. तिने मान वर केली नाही.

पंधरा दिवसांनी मालिका टीव्हीवर लागली. खुनी कोण हे घरात फुटू द्यायचं नाही, असं मुलीने त्याला बजावलं होतं. पहिल्याच भागात तो कोट आला, आणि बाहीवर कॅमेरा क्षणभर थांबला. रफूगार उठला आणि त्याने पडद्यावर बोट टेकवलं.

"हे बघ. हे टाके आपल्या मुलीचे."

"अहो," बायको वैतागून म्हणाली, "आता मला खुनी कळला की."

"कळू दे," तो म्हणाला. कोट कधीच पुढे निघून गेला होता, बोट तिथेच होतं.