मुकी तार

उजव्या हाताचं एक बोट वर, डोळे मिटलेले, मान डावीकडे कललेली. कानाला तपासणीचा फोन आणि त्याचे दोन चिमटे भिंतीवरच्या डबीला. ते बोट वर असेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही. कुकरची शिट्टी व्हायला आली असेल तर गॅस बंद करायचा. मग डोळे उघडायचे आणि पोटच्या पोरीचा ताप उतरल्याचं सांगावं तसं तो सांगायचा, "हाय. जित्ती हाय."

हा रत्नागिरीतल्या आमच्या भागाचा लाइनमन. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. तुमच्या आजीच्या वहीत नाव येणं हा मान आहे आणि त्याला तो द्यायची माझी अजून तयारी नाही. तरी लिहायला बसले आहे, कारण तुम्ही दोघं परवा स्क्रीनवर विचारत होतात, "आजी, तुझ्याकडे लँडलाइन का नाही?" त्याचं उत्तर म्हणजे हा माणूस.

त्याला तुम्ही पाहायला हवं होतं. अंगाने काटकुळा, पायात चप्पल क्वचित. जांभ्या दगडाच्या गडग्यावरून, त्या खडबडीत कुंपणावरून, तो अनवाणी चालायचा तेव्हा बघणाऱ्याचेच तळवे दुखायचे. टेलिफोनच्या रंगीत वायरीने त्याने आपलं सगळं आयुष्य बांधून ठेवलं होतं. चष्म्याची काडी हिरव्या वायरीने, छत्रीची मूठ निळ्या, डब्याचं झाकण लाल. आळीतल्या मुलींना तो त्याच वायरीच्या अंगठ्या करून द्यायचा. आणि एक नेम होता. फोन बंद असलेल्या घरी तो चहा घेत नसे. "मेल्या घरात च्या घेत नाय, बाय. आधी जित्ती करतो, मंग घेतो."

मी चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. तारीख घातल्याशिवाय मी वाणसामानाची यादीही करत नाही. अशा बाईला 'बगतो, व्हईल' हे उत्तर कसं लागत असेल, कल्पना करा. हे त्याचं दुसरं वाक्य. दिवस विचारला की "बगतो", वेळ विचारली की "व्हईल".

अठ्ठ्याण्णव सालच्या जुलैत आमचा फोन बंद पडला. पहिल्या दिवशी मी टेलिफोन ऑफिसात लेखी तक्रार दिली, तिसऱ्या दिवशी पुन्हा, पाचव्या दिवशी आणखी एक. सगळीकडे एकच निरोप : लाइनमनला कळवलंय. सहाव्या दिवशी भाजी आणायला गेले तर तोच बाजारात भेटला, चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेला. मी छत्री मिटून त्याच्यासमोर उभी राहिले.

"बगतो, बाय. व्हईल."

नऊ दिवस फोन बंद होता.

आता बंद फोनची एक खोड सांगते, ती तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. फोन इकडे मेलेला असला तरी तिकडून लावणाऱ्याला घंटी वाजल्याचं ऐकू येतं. त्याला वाटतं, घरात वाजतोय आणि कुणी उचलत नाही.

माझा थोरला भाऊ पोफळीच्या वीजघरात नोकरीला होता. तिथल्याच कॉलनीत राहायचा. बागेच्या वाटणीवरून आमचं वर्षभर बोलणं नव्हतं. चूक कुणाची ते आता राहू द्या. त्या जुलैत तो अंथरुणाला खिळला आणि चार दिवस रोज सकाळी त्याने मला फोन लावला. वहिनी पुढे सांगत होती, "रोज लावायचे हो, वन्सं. घंटी जायची. शेवटी म्हणाले, नाही उचलत ती. राहू दे."

राहू दे. हा त्याचा माझ्यापुरता शेवटचा शब्द. पाचव्या दिवशी कॉलनीतला एक माणूस एस.टी.ने निरोप घेऊन आला तोपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मी पोफळीहून परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी लाइनमन दारात हजर. चिमटे लावले, बोट वर केलं, म्हणाला, "हाय. जित्ती हाय." आणि सवयीने चहाची वाट बघत टेकला. मी फोनची वायर भिंतीतून उपटली आणि फोन त्याच्या मांडीवर ठेवला.

"हा घेऊन जा. माझा भाऊ चार दिवस मला फोन लावत होता. तो गेला. या घरात पुन्हा घंटी वाजणार नाही."

त्याने फोनला वायर गुंडाळली आणि पोटाशी धरून पायऱ्या उतरला. ऑफिसात जाऊन मी रीतसर अर्ज दिला आणि फोन परत केल्याची, त्याने लिहून दिलेली पावती फाइलला लावली. फाइलच्या पाठीवर मी काही लिहिलं नव्हतं, पण ती कुणाविरुद्धची फाइल आहे हे मला ठाऊक होतं.

मग काही वर्षांनी तुमचा बाबा तिकडे परदेशी गेला, तुमच्यातला थोरला झाला. बोलायला मोबाईल आला होता, पण मला तुमची तोंडं बघायची होती. सायबर कॅफेत कानाला ते हेडफोनचे पट्टे लावून अनोळखी पोरांमध्ये बसायचं आणि नातवाला "शी झाली का" विचारायचं, हे मला जमेना. घरी ब्रॉडबँड हवं होतं. आणि ब्रॉडबँड यायचं ते फोनच्याच तारेतून.

ऑफिसच्या खिडकीतली बाई म्हणाली, "आधी लँडलाइन घ्या, मग त्याच्यावर ब्रॉडबँड."

"मला फोन नको. त्याचं भाडंही भरणार नाही. नुसतं ब्रॉडबँड द्या."

"अहो बाई, म्हैस नको आणि दूध पाहिजे?"

"मी दूध रतीबाचंच घेते. अजून कुणी मला म्हैस बांधायला सांगितली नाही."

रांगेतले लोक हसले, ती हसली नाही. पण त्यांच्याच भिंतीवर योजनांचं एक छापील पत्रक चिकटवलेलं होतं. मी चष्मा लावून ते तळापर्यंत वाचलं. सर्वात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं की आवाजाची सोय न घेताही ब्रॉडबँड मिळेल. खिडकीतल्या बाईने ते कधी वाचलेलं नव्हतं. मी तिथेच उभ्याने उतरवून घेतलं, घरी येऊन दोन पानी अर्ज लिहिला आणि वरच्या साहेबाला नेऊन दिला. तीन आठवड्यांनी मंजुरी आली. त्या भागात आवाजाशिवायची ती पहिलीच जोडणी.

आणि ती जोडायला कोण येणार? तोच.

खरं सांगते, त्या दिवसाची मी वाट पाहत होते. इस्त्रीची साडी नेसून मी खुर्ची भिंतीजवळ ओढून बसले आणि तो काम करत असताना त्याच्या हातांवरची नजर काढली नाही. त्याचे केस पांढरे झाले होते. पिशवीतून त्याने एक फोन काढून हळूच कोपऱ्यात ठेवला.

"हे काय?"

"असू दे, बाय. नुस्ता ठेवा. निदान आवाज तरी ऱ्हाईल तारेत."

"अर्जात काय लिहिलंय? फोन नाही. उचला."

तो उकिडवा बसून राहिला. "एक सांगतो, ऐका. आमी तार डोळ्यांनी नाय बगत, कानांनी बगतो. रस्त्यावरच्या डब्यात तारांच्या पन्नास जोड्या, एका घराला एक. कान लावला, आवाज आला, तर ती कुणाची तरी. आवाज नाय, तर मोकळी. मुकी तार आमच्यात कुणाचीच नसते. कुणीबी उचलून दुसऱ्याला देईल."

"मग तुमच्या लोकांना शिकवा. मी चाळीस वर्षं शिकवलं, कुणी मेलं नाही."

मेलं हा शब्द मी मुद्दाम वापरला होता. तो त्याला पोचला. मोडेमचे हिरवे दिवे लागले तेव्हा मी त्याच्यापुढे चहा ठेवला, तोही मुद्दामच. त्याने चिमटे लावून पाहिलं. बोट वर केलं, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकत राहिला. मग चहाला हात न लावता निघून गेला.

वर्षभर सगळं छान चाललं. मग धाकटे, तुझं बारसं ठरलं. तिकडे सकाळ, इकडे दुपार. पाळणा मी म्हणायचा, इथून, कॅमेऱ्यासमोर बसून. आठ दिवस मी आवाज बसवत होते. पैठणी नेसले, अंबाडा घातला, दोन वाजता कॉम्प्युटरसमोर बसले. मोडेमचा दिवा विझलेला होता. अडीच वाजले. तीन वाजले. मोबाईलवर तुमचा बाबा ओरडत होता, "आई, थांबू का? आई, गुरुजींना जायचंय." शेवटी पाळणा कुणी म्हटला ते मी विचारलंही नाही.

आणि त्या दिवशी सकाळी, मी फुलं काढत असताना, रस्त्यावरच्या डब्याशी मी त्याला पाहिलं होतं. डबा उघडा, त्यात डोकं घातलेलं. मला बघून त्याने दार लावून घेतलं.

दोन अधिक दोन करायला मला वेळ लागला नाही. मी लिहायला बसले. आयुष्यात तितकं चांगलं इंग्रजी मी कधी लिहिलं नसेल. 'विलफुल', म्हणजे जाणूनबुजून, हा शब्द निवडून घातला. अठ्ठ्याण्णवच्या तीन तक्रारींच्या प्रती जोडल्या. चौकशी झाली. त्यानेही जबाब दिला, मराठीत, अर्धं पान. साहेबांनी दोन पानांचं इंग्रजी खरं मानलं आणि त्याची बदली मंडणगडला झाली, जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाला. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. बातमी कळली त्या सकाळी मी साजूक तुपातला शिरा केला आणि दोनदा वाढून घेतला. खोटं कशाला सांगू?

मे महिन्यात नव्या लाइनमनने काहीतरी कामासाठी तो डबा उघडला आणि मला हाक मारली. "बाई, ही तुमची काय?" माझ्या जोडीला दुधाच्या पिशवीची एक पट्टी हिरव्या वायरीने बांधलेली होती. त्यावर बॉलपेनने लिहिलं होतं : 'बाईंची जोडी. आवाज नाही. काढू नये.' अक्षर फोन परत केल्याच्या पावतीवरचं.

त्या नव्या लाइनमनने सगळं सांगितलं. बारशाच्या दिवशी समोरच्या नव्या बंगल्याला फोन द्यायचा होता. म्हणून जुना लाइनमन सकाळीच येऊन पट्टी बांधून गेला. दुपारी दुसरा माणूस आला. पट्टी वळून मागे गेली होती. त्याने कान लावला, आवाज नाही, मोकळी समजून माझी जोडी बंगल्याला देऊन टाकली. "ते सगळ्यांना सांगून गेलेले, बाई. पण आमची सवय कानाची."

मी घरी येऊन तक्रार मागे घेणारं पत्र लिहिलं. माझी चूक झाली, बदली रद्द व्हावी. सही केली. ते टपालात न टाकता पर्समध्ये घातलं आणि जूनच्या सुरुवातीला मंडणगडची एस.टी. पकडली. चुकीची कबुली तोंडावर द्यायची असते, हे मी मुलांना शिकवत आले होते.

तो ऑफिसच्या ओट्यावर वायर सोलत बसला होता. मला बघून उठला, पिशवी झटकून मला बसायला दिली.

"तार तुम्ही काढली नव्हती," मी म्हणाले. "मला कळलं."

"हां." तो पुन्हा वायर सोलायला लागला. "भाताची लावणी आली आता. घरी बायको एकली. दरवर्षी मी असतो. हितं रजा देत नायत."

मी पर्स उघडली. पत्र हाताला लागलं होतं. तेवढ्यात तोच म्हणाला, "पण शिक्षा बरोबर हाय, बाय. फकस्त गुन्हा दुसरा."

"म्हणजे?"

"त्या वक्ताला, तुमचे भाऊ गेले तवा. मी गावाला व्हतो. लावणीला. सकाळी हजेरी लावायचो, गाडी पकडायचो. नऊ दिवस. तुमची तक्रार माज्या खिशात व्हती. म्हटलं, पाऊस हाय, कोण फोन करतंय." त्याने वर पाहिलं. "बाजारात तुमी भेटलात ना, तवा गावासनंच येत व्हतो."

गुडघ्यापर्यंतचा तो चिखल. मला इतकी वर्षं वाटत होतं, तो खांब उभे करत होता.

मी पर्स मिटली.

त्याने ते पाहिलं का, माहीत नाही. चहा आला, दोघांनी घेतला. "सांभाळून जा, बाय," म्हणत तो मला स्टँडपर्यंत पोचवायला आला, डोक्यावर पोतं घेऊन, कारण पाऊस सुरू झाला होता.

ते पत्र मी टाकलं. पण ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, लावण्या सगळीकडे उरकल्यावर. विसरले नव्हते, आजारी नव्हते. जुलैत रोज सकाळी कपाट उघडून मी ते पाहत होते आणि परत ठेवत होते. माझ्या भावाचे चार दिवस मला कुणी परत देणार नव्हतं. त्याचाही एक आषाढ जावा, एवढंच मला हवं होतं, आणि तो गेला. पत्राला उत्तर आलं, 'योग्य ती कार्यवाही होईल'. तो रत्नागिरीत परत आला नाही. मंडणगडलाच निवृत्त झाला असं पुढे कानावर आलं.

पत्र टाकलं त्याच वर्षी ऑक्टोबरात वहिनीला भेटायला पोफळीला निघाले होते. लाइनमनचा गाव त्याच वाटेवर लागतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात पिवळं होऊन वाकलं होतं, काही ठिकाणी कापणीही लागली होती. त्याच्या गावच्या थांब्याला गाडी थांबली. खिडकीखाली उतारावर खाचरं होती, एकाखाली एक, सगळी भरलेली. मधल्या दोन खाचरांत लावणी झालेलीच नव्हती, नुसतं गवत होतं, कमरेइतकं, आणि बांधावर एक बाई विळा घेऊन ते कापत होती, गुरांसाठी असावं.

ती कुणाची शेतं, हे शेजारच्या बाईला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. खिडकीची काच वर ओढली.