दाबताना एक, ओढताना एक

लातूर नवा जिल्हा झाला त्या साली गंजगोलाईच्या बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय होता, कोणती कचेरी कुठं बसणार. शरणप्पा पेटीवाल्याला त्याचं काय? जिल्हा कुठलाही असो, भजनाच्या पेट्यांचे भाते फाटायचे ते फाटणारच! माणूस गुणी, पण हट्टी म्हणजे किती हट्टी! गिऱ्हाईक म्हणायचं, "आप्पा, एवढी एकच पट्टी बघा," आणि हा गडी सगळी पेटी उघडून बसायचा. बेसूर पेटी दुकानात असली की त्याला अन्न गोड लागायचं नाही.

त्याच्या फळीवर एक विलायती वस्तू होती. हैदराबादच्या जुन्या बाजारात मिळालेली सहा कोनांची ओंजळभर पेटी. मधे घडीचा भाता, दोन्ही अंगांना बटणं. एका बँडवाल्यानं तिचं नाव कॉन्सर्टिना असं सांगितलं होतं. अंगठे चामड्याच्या कड्यांत अडकवायचे आणि भाता दाबायचा, ओढायचा; दाबा की ओढा, बटणाचा सूर तोच. सा डाव्या हाताला तर रे उजव्या, ग पुन्हा डाव्या. वर्षभर झगडून शरणप्पानं तिच्यावर दोन अभंग बसवले होते. त्यामुळे अशा पेटीतलं आपल्याला सगळं कळतं, अशी त्याची पक्की समजूत झाली होती.

एके दिवशी चाकूरकडची नागुबाई तसलीच पेटी पांढऱ्या फडक्यात बांधून घेऊन आली. तिचा नवरा शेषेराव वारल्याला वर्ष होत आलं होतं.

"पंधरा दिसांनी ह्यांच्या वर्षाचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम हाय, आप्पा. माझी लेक महानंदा बापाचं गाणं वाजवणार हाय. हे एक बटण अडकून राहिलंय, तेवढं सोडवा."

"ठेवून जा, बाई. एकदम नवी करून देतो," शरणप्पा म्हणाला. तिथंच घोळ झाला.

ती गेल्यावर त्यानं पेटी हातात घेतली. हिला अंगठ्याची कडी नव्हती, अख्खा पंजा आत जाईल असे पट्टे होते. बटण दाबून भाता मिटला तर सा. तेच बटण धरून भाता ओढला, तर रे! दुसरं बटण बघितलं, तिसरं बघितलं, सगळीकडे तीच तऱ्हा. "अरे बसवण्णा! कोण्या अडाण्यानं लावली ही?" जन्मभर हातपेट्या लावलेला माणूस तो. एका पट्टीला एकच सूर, वारा कुठूनही येवो, हे त्याच्या हाडात मुरलेलं. आठ दिवस तो कानस घेऊन बसला. आतल्या पितळी जिभा टोकाशी घासल्या की सूर चढतो, बुडाशी घासल्या की उतरतो. ओढतानाची एकेक जीभ त्यानं दाबतानाच्या सुराला आणून मिळवली. बाईनं एक बटण सांगितलं होतं, यानं वीसच्या वीस दुरुस्त केली. आणि खुशीत घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

कार्यक्रमाला चार दिवस उरले तेव्हा नागुबाई लेकीला घेऊन आली. महानंदानं पट्ट्यांत हात घातले, मान खाली घातली आणि वाजवायला लागली. दोन श्वासांत थांबली. पुन्हा सुरू केलं. चालच उमटेना. सूर जागच्या जागी अडखळत होते.

"आप्पा, ही आमची पेटी न्हाई," महानंदा म्हणाली.

"तुमचीच आहे की! बिघडलेली होती, नीट केली. दाबताना एक बोलायची, ओढताना दुसरंच."

पोरीचा चेहरा उतरला. "तशीच होती ती. बापानं मला सूर न्हाई शिकवले. हात धरून शिकवलं. हे बटण दाबून, तेच ओढून, मग शेजारचं दाबून."

नागुबाई खाली बसली. "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होतो आम्ही. ह्यांच्या पायावर दगड पडला. महिनाभर बांधावर बसून हेच वाजवायचे, अन् आम्ही बाया त्या चालीवर दगडाला घाव घालायचो. त्यांची दुसरी काई खूण न्हाई राहिली, आप्पा. फोटूसुद्धा न्हाई."

शरणप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मूळचे सूर त्यानं कुठं लिहूनही ठेवले नव्हते. चुकीचं म्हणून जे पुसायचं, ते लिहितो कोण?

पण माणसाचं डोकं कुतूहलाचं. डोळे पुसून त्यानं विचारलं, "बाई, ती चाल तुम्हाला म्हणता येते?"

"येती की. हजारदा ऐकली."

"मग म्हणा. आणि पोरी, तू नुसते हात चालव."

नागुबाई गुणगुणायला लागली. महानंदा बटणं दाबत, भाता हलवत राहिली. शरणप्पा एक डोळा तिच्या बोटांवर आणि कान आईच्या गळ्यावर ठेवून लिहीत गेला: तिसरं बटण, ओढताना, ग. दोघी दोन दिवस दुकानातच येऊन बसल्या. मधेच त्यानं तीच चाल हातपेटीवर वाजवून बघितली, मग आपल्या कड्यांच्या पेटीवर. सूर सगळे बरोबर, पण चाल कशी लोण्यासारखी घसरत गेली. महानंदाच्या पेटीत मात्र दर सुराला भाता उलटा फिरायचा आणि प्रत्येक सूर ठोका देऊन निघायचा.

"म्हणून घाव घालता येत होता!" तो मांडीवर थाप मारून ओरडला. "माझी पेटी अभंगाला बरी, बाई. पण हिच्या भात्यातच ताल आहे! आणि मी शहाणा तोच मारत होतो की हो!"

तिसऱ्या दिवशी दुपारी पेटी जुळली. महानंदानं वाजवली. खण् खण् सूर पडत गेले, बाहेर हमाल थांबले. शरणप्पाचे डोळे भरून आले. नागुबाई मात्र नाराज होती.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "पण ते न्हाईत ह्यात."

"आता काय राहिलं?"

"ह्या ठिकाणी." तिनं ओळीचा शेवटचा सूर म्हणून दाखवला. "मी नीट म्हणती, पण पेटी तसं नव्हती म्हणत. खाली पडायचा सूर. आम्ही बाया हसायचो त्यांना. ते म्हणायचे, राहू द्या, त्याला बी भूक लागलीय."

महानंदानं मान हलवली. तिलाही आठवलं.

शरणप्पानं जीभ काढून हातात घेतली. आजवर हजारो सूर त्यानं वर आणले होते, जाणूनबुजून एकही पाडला नव्हता. त्यानं कानस बुडाशी लावली. एकदा घासलं.

"आनखी," नागुबाई म्हणाली.

पुन्हा घासलं. सूर इतका बेसूर झाला की त्याचे दात शिवशिवले.

"आनखी थोडं."

तिसऱ्यांदा घासून त्यानं जीभ बसवली. महानंदानं ओळ वाजवली. शेवटाला तो सूर कण्हत खाली आला, आणि नागुबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली, मोठ्यानं, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत.

"वाजव बाई, पुन्हा वाजव," ती लेकीला म्हणाली. "आले बघ."