गाजराची बुंदी

गाजर चिरून झालं की ती त्यातला एकच कण बोटाच्या टोकावर घ्यायची, एक डोळा मिटायची आणि तो माझ्या नाकासमोर धरायची. "पाह्य वं, साऱ्या बाजू सारख्या हायेत का?" मी हो म्हटलं तरी तिचा विश्वास बसायचा नाही.

नागपूरच्या एका हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात आम्ही दोघी एकाच टेबलावर शिकत होतो. ती कामठीहून शेअर ऑटोने यायची. वडील यंत्रमागावर. पहिलं सत्र सगळं फ्रेंच पद्धतीच्या चिरण्याचं : काडीसारखं ते ज्युलियन, इवलेसे चौकोनी तुकडे म्हणजे ब्रुनवाज, बटाटा सगळीकडून तासून लांबट केला की टूर्ने. नावं तिच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिने त्यांचं नवं बारसं केलं. काडी, बुंदी आणि ढोलकी.

एकदा शेफ सरांनी विचारलं, "ये कौन सा कट है?"

"सर, बुंदी."

वर्ग हसला. सरांनी मात्र तिचा ट्रे उचलून सगळ्यांना दाखवला. "नाम गलत है. बुंदी सही है."

तुम्ही तिला चिरताना पाहायला हवं होतं. एरवी ती धांदरट. ओढणी दारात अडकायची, डबा ऑटोत राहायचा. सुरी हातात आली की ती अगदी शांत होऊन जायची.

मग तिच्या डाव्या हाताची बोटं लाल झाली. आम्हाला वाटलं, भांड्यांच्या साबणाने झालं असेल. थोड्याच दिवसांत कातडी सुटायला लागली, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. मी खोबरेल तेल दिलं, कुणी कोरफड आणली. "बरं होऊन राहिलं वं," ती म्हणायची आणि हात अ‍ॅप्रनखाली घ्यायची.

शेवटी मीच तिला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, कांदा-लसूण तिच्या कातडीला सोसत नाही, हात लावायचा नाही.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"कायमचं."

परतताना ती एवढंच म्हणाली, "कांदाच काहून वं? दोडकं असतं तर चाललं असतं." मला हसू आलं, आणि लगेच मी तिची पिशवी माझ्या हातात घेतली.

तिने हातमोजे घालून पाहिले. आत घाम साचून चिरा आणखी उलायच्या, वर सुरी निसटायची. सरांनी तिला नुसते बटाटे दिले. पण स्वयंपाकघरच ते. चिरायच्या पाट्यांना, फडक्यांना, सगळ्याला कांदा लागलेला.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत कांदा आलाच. मी हळूच म्हटलं, "दे, मी चिरते."

"मंग परीक्षा कोणाची?" ती म्हणाली आणि तिने मोजे काढून ठेवले.

तिचा कांदा वर्गात सगळ्यात सुंदर झाला होता. पण ट्रेच्या कडेला, पांढऱ्या तुकड्यांवर, रक्ताचा ठिपका होता. सरांनी तो ट्रे उचलला. मग त्यांनी तो कचऱ्याच्या डब्यात रिकामा केला. दुसरं काही त्यांनाही करता येत नव्हतं. "हाथ धो लो, बेटा," एवढंच म्हणाले, तेही तिच्याकडे न बघता.

त्यानंतर ती आली नाही. फोनवर म्हणायची, "येतो ना, पुढच्या सोमवारी."

मी कामठीला तिच्या घरी गेले. बाहेर मागांचा खडखडाट चालला होता. ती पलंगावर बसलेली, हाताला मलम, वर सुती मोजे. तिच्या आईने आलूपोहे केले होते. लेकीसाठी तिने घरात कांदा आणणंच बंद केलं होतं. आलूच्या फोडी कशाही चिरलेल्या, काही चांगल्याच मोठ्या आणि आतून कच्च्या. पलंगावर ती चमच्याने त्या फोडी निवडून बशीच्या कडेला सारत होती, बोलता बोलता, नकळत.

मग तिचं लक्ष गेलं. आई दारात उभी राहून तिच्या बशीकडे बघत होती.

तिने कडेच्या फोडी एकेक करून तोंडात टाकल्या. "मस्त झाले वं माय," ती म्हणाली, आणि बराच वेळ चावत राहिली.