सायकलीला कासरा नसतो

मी कारेगावच्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. आमच्या वस्तीवर इलेक्ट्रिक सायकलचा आजवर एकच अपघात झाला, आणि तो मी केला.

वस्ती मला सेफ्टीसाहेब म्हणते. आधी मानानं म्हणायची, आता तोंड फिरवून म्हणते. चूक माझीच. कंपनीतली सेफ्टी मी घरी आणायचो. ओट्याजवळ 'धूम्रपान निषेध'चं स्टिकर (घरात कुणी विडीला हात लावत नाही!), गोठ्यात 'पुढे वळण आहे', आणि जिन्यावर 'कठडा धरा'. आमच्या जिन्याला कठडा नाही, ही गोष्ट वेगळी.

पण त्या उन्हाळ्यात मला खरोखरचा घोर लागला होता. पोरगी ईश्वरी आठवीला जाणार, शाळा न्हावऱ्याला. आधी सायकलीवर जायची. पण ऊसतोडीच्या हंगामात मोठ्या रस्त्यावर दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरनं तिला अशी दाबली, की पोरगी सायकलीसकट साइडपट्टीच्या खाली. खरचटण्यावर निभावलं. पण सुनीतानं, म्हणजे आमच्या सौ.नं, त्याच दिवशी सायकलीला कुलूप घातलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली. तेव्हापासून पोरगी एसटीच्या भरवशावर. एसटी आली तर आली, न्हाईतर पहिला तास बुडाला.

एका सकाळी भाकरी थापता थापता सुनीता म्हणाली, "शाळा उघडायच्या आत चारीची वाट पोरींना मोकळी झाली तर ठीक. न्हाईतर ईश्वरी दौंडला ऱ्हाईल, माझ्या दादाकडं. तिथं शाळा घरासमोर हाय."

"आन् आपण?"

"आपण हितं. एकमेकांची तोंडं बघत."

मी हातातला घास ताटात ठेवला. ईश्वरी ताट घेऊन आत गेली. तिला दौंडला जायचं नव्हतं आणि मला तिला पाठवायचं नव्हतं.

चारी म्हणजे आमचा छोटा कालवा. त्याच्या काठानं सपाट मुरमाची वाट थेट शाळेच्या मागं निघते. ना ट्रॉली, ना ट्रक. सायकलीसाठी देवानंच घातलेली वाट! फक्त तिच्यावर किसनमामाचा कांदा वाळत पडायचा आणि किसनमामाची गाय बांधलेली असायची. मामा नात्यानं आमचे कुणी नव्हेत, सगळ्या गावाचेच मामा. सरपंचबाईंनी मला स्पष्ट सांगितलं, "ग्रामसभेत बाकी सगळे हात वर करत्याल. मामा अडून बसले हायत. त्यांना पटवा, ठराव झालाच म्हणून समजा."

मी मामांकडं गेलो. सोबत चार पानी कागद नेला. मामांनी त्यावर मिरच्या निवडल्या.

"साध्या सायकलीचं न्हाई रे," मामा म्हणाले, "पन आता समदी ती करंटवाली सायकल घ्यायला लागली. तुझ्या बापानं बी घेतली. तिला आवाज हाय का? मोटारसायकल कशी, निमोण्यात चालू झाली तरी हितं कळतं. ही मागनं भुतावानी येती. माझी सोनी बुजली, दावं तोडून चारीत पडली, म्हंजी? गाभण हाय ती!"

"मामा, मी सेफ्टी ऑफिसर हाय."

"मग दाव की चालवून. सगळ्यांसमोर. सोनीच्या पुढनं ती सायकल ने. गाय बुजली न्हाई, तर ग्रामसभेत पयला हात माझा. जबान दिली."

झालं! मी तिथल्या तिथं हो म्हणून आलो.

आता सायकलचं सांगतो. आमच्या आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, गुडघे दुखायला लागले, म्हणून डेअरीला दूध घालायला मीच त्यांना ती इलेक्ट्रिक सायकल घेऊन दिली होती. देताना रीतसर ट्रेनिंगही दिलं. आप्पांची उमर बैलगाडी हाकण्यात गेलेली, त्यामुळं धोका कुठं आहे हे मला अचूक ठाऊक होतं. बैलगाडी थांबवायची तर माणूस कासरे मागं ओढतो. पण या सायकलची उजवी मूठ मागं ओढली की ती थांबत नाही, पळते!

"आप्पा, ध्यानात ठेवा. हे हँडल हाय, कासरा न्हाई. थांबायचं तर ब्रेक. ओढायचं न्हाई. म्हणा बरं."

"थांबायचं तर ब्रेक. ओढायचं न्हाई."

"पुन्हा म्हणा."

"अरे, मी म्हातारा झालोय, बहिरा न्हाई!"

हे मी त्यांच्याकडून अकरा वेळा म्हणवून घेतलं. ईश्वरीला वेगळं शिकवलं: अपघात झाला तर आधी चावी काढायची, बॅटरीला ओला हात लावायचा नाही, गर्दी मागं सारायची. आप्पा दुसऱ्या दिवसापासून दुधाची किटली लावून डेअरीला जायला लागले. एक थेंब सांडला नाही.

ट्रायलच्या आदल्या दिवशी आप्पा म्हणाले, "मी जातो की रे सोनीपुढनं. डेअरीला रोज पहाटं जातोच, मामा उठायच्या आत."

"तुमचं वय काय आप्पा! हे तांत्रिक काम हाय."

"आप्पांना जाऊ द्या," सुनीता म्हणाली. "तुम्ही ती सायकल कवा चालवलीय?"

"मी शिकवतो," मी म्हणालो. "शिकवणाऱ्याला चालवावी लागत न्हाई."

(हे वाक्य सुनीता आजही महिन्यातून दोनदा मला परत ऐकवते.)

सायकलला आवाज नाही, ही मामांची तक्रार रास्त होती. म्हणून मी तिला भंगारातून आणलेला फोर्कलिफ्टचा 'टुंई-टुंई' वाजणारा हॉर्न बसवला. शिवाय एक गरगरणारा निळा दिवा, दोन आरसे आणि एक लाल झेंडी. स्वतः हेल्मेट, भगभगीत नारिंगी जाकीट, कोपरांना आणि गुडघ्यांना पट्टे. मला पाहून आप्पा एवढंच म्हणाले, "नवरदेव कुठल्या गावचा म्हणायचा?"

सकाळी आठला चारीवर निम्मी वस्ती हजर. चारीला पाणी सुटलेलं, चांगलं कमरेएवढं. एका बाजूला मामांच्या कांद्याचा ढीग, मामा त्याच्याशेजारी मांडी घालून बसलेले. सोनी वाटेच्या कडेला लांब दाव्याला बांधलेली, रवंथ करत उभी. सरपंचबाई खुर्चीवर. ईश्वरी आणि तिच्या तीन मैत्रिणी शाळेच्या सायकली घेऊनच आल्या होत्या. सुनीतानं किल्ली काढून दिली होती! पोरगी माझ्याकडं बघून हसली. माझा ऊर एकदम भरून आला.

मी आधी दहा मिनिटं भाषण केलं. मग निघालो. टुंई-टुंई, टुंई-टुंई! निळा दिवा गरगरतोय, झेंडी फडफडतेय. खरं सांगतो, सुरुवातीची पन्नास पावलं मी फार देखणा दिसत असणार.

सोनीनं रवंथ करता करताच बघितलं. शहाणी गाय हो! वाट माणसाची आहे हे ओळखून ती आपली शांतपणे पलीकडं जायला निघाली. पण पलीकडं जायचं तर वाट ओलांडावी लागते. ती बरोबर मध्यावर आली. लहानपणी आप्पांच्या गाडीवर बसून जे शिकलो होतो, ते सगळं एका क्षणात हातात उतरलं. मी दोन्ही हात जिवाच्या आकांतानं मागं ओढले आणि ओरडलो, "होऽऽ! हो! हो! हो!"

सायकल सुसाट सुटली.

आणि गाय थांबली. 'हो' म्हटल्यावर थांबायचं, हे तिला शिकवलेलं होतं! निघून चालली होती बिचारी, मीच तिला ऐन वाटेत उभी केली.

"ब्रेऽऽक!" मागून आप्पा ओरडले. "कासरा न्हाई त्यो! ओढू नको!"

मी आणखी ओढला. ("हो! हो!" चालूच.) गाभण गाईला धडकायचं नाही, एवढी एकच अक्कल शाबूत होती. मी हँडल वळवलं. मामा साठीचे आहेत, पण मांडी मोडून त्यांनी जी उडी मारली, ती विशीतल्याला जमणार नाही. पुढचं चाक कांद्याच्या ढिगात घुसलं, सायकल तिथंच रुतली. मी मात्र पुढं गेलो. थेट चारीत.

वर आलो तेव्हा माझ्या चारी बाजूंनी कांदे तरंगत होते. कांदा तरंगतो, हे मला त्या दिवशी कळलं. अर्धा ढीग चारीत उतरला होता आणि रांगेनं न्हावऱ्याकडं निघाला होता. खालच्या पुलावर बायका पाट्या, पदर, मिळेल ते घेऊन धावल्या. कुणीतरी ओरडलं, "साहेब, आजून सोडा!"

काठावर हॉर्न 'टुंई-टुंई' करतच होता. ईश्वरी पुढं झाली, चावी काढली, गर्दी मागं सारली. सगळं शिकवल्याप्रमाणं. मग तिनं माझ्याकडं बघितलं, आणि तिचा चेहरा पडला. मला समजलं, आता पोरगी दौंडला जाणार, आणि ती माझ्या हातानं जाणार. मला रडू आलं. अंगभर पाणीच पाणी होतं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच.

मामा काठावर आले. अंगाला मुरूम, टोपी गायब.

"सरपंचबाई," मामा म्हणाले, "माझी गाय बुजली का?"

सगळ्यांनी सोनीकडं बघितलं. ती जागच्या जागी उभी राहून रवंथ करत होती.

"न्हाई मामा," सरपंचबाई म्हणाल्या.

"दावं तोडलं?"

"न्हाई."

"कान तरी हालला?"

"न्हाई हो."

"मग झालं तर!" मामांनी तिथंच हात वर केला. "ज्या गाईनं ह्या येड्याला बघून मान हालवली न्हाई, ती जगात कशालाच भ्यायची न्हाई. वाट पोरींना देऊन टाका. कांदा मी खळ्यात नेतो, गाय गोठ्यात बांधतो. पन माझी एक अट हाय!"

ईश्वरी काठावरच नाचायला लागली. मी चारीतून "मंजूर, मंजूर!" म्हणून ओरडलो. अट काय, ते विचारायचं भान कुणाला होतं?

ग्रामसभेत ठराव झाला. जूनपासून पोरी चारीच्या वाटेनं शाळेत जातात, वाटेच्या तोंडाला मोठा दगड आणि एक पाटी आहे. पाटी ईश्वरीनं रंगवली. एक: मोटारगाड्यांना बंदी. दोन: कांदा, गुरं वाटेवर नकोत. तीन: सायकल सावकाश चालवा. आणि मामांची अट चौथी, तांबड्या रंगात, खाली दोन रेघा मारून: सेफ्टीसाहेबांनी सायकल हातात धरून चालावे.

मीही नियम पाळणारा माणूस आहे. सुट्टीच्या दिवशी डेअरीला मी सायकल ढकलत जातो. परवा मागून घंटी वाजली, ईश्वरीची सायकल घेऊन आप्पा भर्रकन पुढं गेले आणि न वळता म्हणाले, "कठडा धरून चाल रं!"